काठोकाठ

बेश-बुलाकच्या शाळेत फोन वाजला की तो कान्यशायनंच उचलायचा. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणाला आठवत नाही. फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत. मुख्याध्यापकही त्याच खोलीत, खुर्चीत, हात लांब केला तर फोनला लागेल इतक्या जवळ. तरी ते खिडकीतून डोंगराकडे बघत आवाज देणार, "केलिन, फोन वाजतोय." आणि उपमुख्याध्यापिका कान्यशाय सातवीचा वर्ग तसाच सोडून, खडूच्या हातानं बोळातून पळत येणार.

मुख्याध्यापक तिच्या नवऱ्याचे चुलत काका. म्हणजे ती त्यांची केलिन, घराण्याची सून. आणि एकदा सून झाली की तिनं भूगोल शिकवावा नाहीतर विमान चालवावं, पाहुण्यांचे जोडे दारात नीट लावायचे ते तिनंच. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून ती त्यांना 'मोठे आगाय' म्हणते. आगाय म्हणजे मास्तर. त्यांना आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे, गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे. पण लग्न होऊन आल्यापासून ते कान्यशायच्या ओठांवर आलेलं नाही, तेव्हा आपणही ते सध्या राहू द्यावं.

आता या एका नावापायी काम कसं वाढतं ते बघा. जिल्हा कार्यालयातून फोन येतो. तिथं एक बाई नवीन आली आहे, राजधानीतली, बिश्केकची, कायम घाईत.

"शाळाप्रमुखांचं नाव सांगा," ती म्हणते.

"तुम्ही वाचून दाखवा, मी हो म्हणते."

"माझ्यासमोर असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं? तुम्हाला तुमच्या साहेबांचं नाव माहीत नाही?"

"माहीत आहे. घेता येत नाही. मी सून आहे त्यांची."

पलीकडे सुस्कारा. मग कान्यशाय खिडकी उघडून मैदानावर हाक मारते. खेळाचे शिक्षक जान्यबाय गळ्यात शिट्टी घेऊन धापा टाकत येतात, फोनमध्ये नाव सांगतात आणि जाता जाता म्हणतात, "एजे, एक पाटी रंगवून घ्या त्यांच्या नावाची. फोनसमोर धरत जा." एजे म्हणजे ताई, आणि ही थट्टा दर वेळची. हे सगळं चाललेलं असताना ज्यांचं नाव ते खुर्चीत बसून चहात बोर्सोक बुडवत असतात. तळलेला कणकेचा बोर्सोक चहात किती वेळ धरावा म्हणजे तुटत नाही, याचं ज्ञान साऱ्या खोऱ्यात त्यांच्याइतकं कुणाला नसेल.

मोठे आगाय वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असते तर सोय झाली असती, वाईट माणसावर चिडता तरी येतं. हे गोड. उभ्या आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही. काम आलं की ते हातात घेणार, वजन बघितल्यासारखं करणार आणि हळूच तिच्याकडे सरकवणार. "केलिन, तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार?" हरभऱ्याच्या झाडावर चढवावं तर त्यांनी. वेळापत्रक कान्यशायनं करायचं. कुणी गैरहजर असेल तर त्या तासाला माणूस तिनं शोधायचा, नाही मिळाला तर स्वतः उभं राहायचं. हिवाळ्याचा कोळसा आला की उतरवून घ्यायला ती. राजम्याच्या काढणीला पोरं शेतावर गेली की घरोघर फिरून आईबापांची बोलणी खायला ती. जिल्ह्याचे पाहुणे आले की साय-मुरंबा मांडायला ती, आणि समोवारपाशी बसून चहा ओतायलाही तीच. उपमुख्याध्यापिका झाली म्हणून काय झालं, खोलीत बसलेले निम्मे सासरचेच. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथं दळणारी चांगली डोळस होती. सगळं दिसत होतं तिला, बोलता तेवढं येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

आणि तो मेला व्हॉट्सॲप. 'शाळा' नावाचा एक गट, 'शाळा महत्त्वाचं' हा दुसरा आणि 'शाळा अति महत्त्वाचं' हा तिसरा, कारण पहिल्या दोहोंत लोक वाढदिवसाची फुलं टाकत बसतात. मोठे आगाय लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. आधी खाकरणं. मग तिच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी, मग गाईची, मग घाटातल्या बर्फाची. आणि अगदी शेवटी, ऐकणारीचे हात कोपरापर्यंत कणकेत असताना, "...तर ते उद्या सकाळी पाठवायचंय म्हणे, बघ बाई जरा." दर वेळी ती म्हणायची, "बरं, आगाय."

वसंतात तर जिल्ह्यानं कहरच केला. शिक्षकांवरचा ताण कमी करायचं शिबिर काढलं. तलास शहरात, रविवारी, सक्तीचं. राजधानीतून एक तरणी बाई आली होती, तिनं प्रत्येकीच्या हातात फुगा दिला आणि म्हणाली, "डोळे मिटा आणि तुमचा ताण या फुग्यात सोडा." बाया सोडायला लागल्या. गणिताच्या बाईंचा फुगा सुरुवातीलाच फुटला, त्या म्हणाल्या, "माझा मावत नाही." कान्यशाय मात्र दाराबाहेर होती. गावच्या सगळ्या बायांची गाडी तिनं ठरवलेली, हजेरी तिच्याकडे, फोटो तिनं काढायचे, आणि गाडीवाला फोनवर विचारत होता की अजून किती वेळ. शिबिर संपताना जिल्ह्याच्या साहेबांनी उठून सांगितलं की प्रत्येक शाळेनं आपला ताण किती कमी झाला याचा अहवाल संध्याकाळपर्यंत फोटोंसह द्यावा. तो कुणी लिहिला हे विचारू नका. लिहिताना ती इतकी चिडली होती की ताण 'पूर्णपणे' कमी झाला असं तिनं ठोकून दिलं, आणि जिल्ह्यानं शाळेचं कौतुक केलं.

शरद लागला तसं तिच्यात काहीतरी बिघडलं. फ्रिज उघडून ती उभी राही आणि कशाला उघडला ते आठवत नसे. सातवीच्या वर्गात इसिक-कुल दाखवायला नकाशाकडे काठी उचलली आणि हात तसाच हवेत राहिला. तळं कुठं आहे ते तिला सापडेना. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. पुढं पुढं तर फोन वाजला नसतानाही ती खडूच्या हातानं बोळातून धावत जायची. एकदा नवऱ्याचा एक मोजा मिळेना म्हणून ती गोठ्यामागे जाऊन हुंदके देऊन रडली आणि डोळे पुसत स्वतःलाच म्हणाली, "मोजा हरवलाय, माणूस नाही. काय बाई मी."

नवरा एर्मेक घाटातून बिश्केकला गाडी मारतो, माणसं नेतो-आणतो. भला माणूस. तिनं सांगितलं तेव्हा म्हणाला, "थोडी झोप काढ की."

"कधी काढू?"

एर्मेकनं प्रामाणिकपणे विचार केला. मग तो उठून गाडीचं चाक बदलायला गेला.

शेवटी ती तलासच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि पट्टा तिच्या दंडावर तसाच ठेवून विचारलं, "काय करता?"

"शाळेत आहे."

"ते दिसतंच. बाई, हृदय ठीक आहे, पण ते किती दिवस ठीक राहील हे मी सांगू शकत नाही. विश्रांती घ्या. गोळीबिळी नाही, विश्रांती. घरी नाही, घरापासून लांब. आणि चिडू नका."

"कुणावर?" तिनं विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. "असंच चाललं तर पुढच्या खेपेला तुम्ही चालत येणार नाही. तुम्हाला उचलून आणतील."

नशीब म्हणावं तर त्याच आठवड्यात शिक्षक संघाकडून इसिक-कुलच्या आरोग्यधामाची चिठ्ठी तिच्या नावानं आली. शरदाची सुट्टी तिथं काढायची, गरम झऱ्यात बसायचं, औषधी माती लावायची, तिन्ही वेळा कुणीतरी वाढलेलं खायचं. तिची पाळी आधीही आली होती, पण एकदा तिनं ती गणिताच्या बाईंना दिली, त्यांचे गुडघे म्हणून. एकदा मोठ्या आगायांच्या बायकोला दिली, त्यांनी मागितली म्हणून. या वेळी ती कुणाला काही बोलली नाही. बाजारातून निळ्या रबरी सपाता आणल्या, गरम पाण्यात जायला. त्या कपाटात कपड्यांखाली ठेवल्या, आणि कुणी नसलं की काढून बघायची. हसू नका. माणूस सपातांच्या आधारानंही महिना काढतं.

सासूला सांगावं लागलं. बुरुल अपा चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हाला नाही कुणी पाठवलं चिखलात लोळायला."

"डॉक्टरांनी सांगितलंय, अपा."

"डॉक्टर काय, चहा पिऊ नका म्हणूनही सांगतात." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. हो नाही आणि नाहीही नाही. धरलं तर चावतं नि सोडलं तर पळतं, अशी ती म्हातारी.

सुट्टी तोंडावर आली आणि बातमी आली की सुट्टी संपल्याबरोबर शाळेची मान्यता तपासायला समिती येणार. तयारी शाळाप्रमुखानं जातीनं करावी, असा वरून हुकूम. मोठ्या आगायांचा आवाज लगेच तिच्या फोनवर आला. खाकरणं, गुडघे, गाय, बर्फ, सगळं रीतसर झालं. मग, "केलिन, सुट्टीत जरा बसावं लागेल तुला. मला ते संगणकाचं काही कळत नाही. इसिक-कुल काय, हजारो वर्षं तिथंच आहे, कुठं पळून जातंय?"

कान्यशायनं ते ऐकलं. अंगठा 'बरं, आगाय' लिहायला आपोआप उठला, इतकी सवय. तिनं तो आवळून मुठीत धरला. उत्तरच दिलं नाही. पलीकडे मोठ्या आगायांना दिसत होतं की तिनं ऐकलंय. अख्ख्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं.

ते रागावले नाहीत. रागावतील ते मोठे आगाय कसले? रविवारी दुपारी दोन म्हाताऱ्यांना घेऊन ते तिच्या घरीच आले.

आता घरी येणं म्हणजे काय, ते आमच्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. वडीलधारी दारात आली की दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरायचं, भाकरी मोडायची, आणि त्या भाकरीसमोर बसून त्यांनी काही मागितलं की नाही म्हणायची सोय नाही. शाळेत एखादी नाही म्हणेल. स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाकरीसमोर, पांढऱ्या दाढ्यांपुढे कुठली सून नाही म्हणेल? हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर आले. एर्मेक नेमका गाडी घेऊन घाटात होता.

कान्यशायनं जोडे लावले, हात धुवायला पाणी घातलं, समोवार पेटवला आणि दाराजवळच्या आपल्या जागेवर बसली. या घरात आली तेव्हा बुरुल अपांनी तिला पहिला धडा चहा ओतायचाच दिला होता. "पियाल्याचा तळ झाकला की थांबायचं. थोडा दिलास की तो पुन्हा मागतो, तू पुन्हा देतेस, त्यात त्याचा मान. आणि काठोकाठ भरून दिलास तर त्याचा अर्थ, पी आणि ऊठ. शत्रूलासुद्धा देऊ नये तसा." तेव्हापासून तिनं हजारो पियाले ओतले असतील. झोपेतही तिचा हात नेमका तळ झाकून थांबला असता.

पाहुणे बसले. ताकाला जाऊन भांडं लपवणं काय असतं ते त्या दुपारी बघावं. घोड्यांबद्दल बोलणं झालं. राजम्याच्या भावाबद्दल झालं. घाटात यंदा बर्फ लवकर की उशिरा यावर दोन्ही म्हाताऱ्यांचं भांडण झालं आणि मिटलं. पियाले येत होते, जात होते. कान्यशाय दूध घालत होती, त्यावर कडक चहा, त्यावर समोवारचं पाणी, आणि पुढं सरकवत होती. पाठीत कळ भरली होती. मुद्द्यावर या की एकदाचं, ती मनात म्हणत होती, गळा कापायचा तर सुरी दाखवा.

मोठे आगाय मुद्द्यावर आले, पण तिच्याकडे बघून नाही. सासूकडे बघून.

"जेंगे," ते म्हणाले. थोरल्या भावाच्या बायकोला, वहिनीला, असंच म्हणतात. "तुमची सून म्हणजे आमच्या शाळेचा कणा आहे कणा."

"कणाच," ठेंगणे म्हातारे म्हणाले.

"कणा आहे तर त्याला जरा आडवा होऊ द्या की," बुरुल अपा म्हणाल्या. "उभा राहून राहून मोडेल."

सगळे हसले. जेंगेला थट्टेचा हक्क असतो, म्हणून थट्टा थट्टेवारीच जाते.

"होईल की आडवा," मोठे आगाय म्हणाले. "उन्हाळ्यात होईल. आत्ता गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. समिती नापास करून परत गेली तर लोक काय म्हणतील? अमक्याच्या घराण्याची सून उपमुख्याध्यापिका असून शाळेची मान्यता गेली म्हणतील. आम्ही म्हातारी माणसं तुमच्या दारात आलोय जेंगे, काही घोडा मागायला नाही आलो. जरा सुट्टी मागायला आलो."

"खरं आहे," लांब दाढीचे म्हातारे म्हणाले. "तरण्या माणसाला कसला थकवा? आमच्या वेळी हा शब्द नव्हता."

"तर ठरलं मग," मोठे आगाय म्हणाले. "सुट्टी लागली की, पुढच्या सोमवारपासून केलिन बसेल. ती चिठ्ठी कुणा दुसऱ्याला देऊन टाकू, वाया कशाला घालवायची."

'सोमवारपासून' हा शब्द कान्यशायच्या कानात शिरला आणि तिथंच घुमत राहिला. तिला कपाटातल्या निळ्या सपाता दिसल्या. डॉक्टरांनी दंडावर तसाच ठेवलेला पट्टा आठवला. हात समोवारच्या तोटीवर होता. बोट पोळलं तेव्हा ती भानावर आली. चहा काठोकाठ भरून बशीत सांडला होता, आणि तो पियाला तिनं, काय करतेय हे कळायच्या आत, सवयीनं पुढं सरकवला होता.

ठेंगण्या म्हाताऱ्यांनी तो दोन बोटांत धरला, दचकले, आणि कसाबसा मोठ्या आगायांपुढं ठेवला. सगळ्यांनी पियाल्याकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं.

मोठे आगाय हसले. "दमलीय पोर," ते म्हणाले. "चुकलं तिचं, चालायचंच."

पण भरलेला पियाला उचलता येत नाही. त्याला कान नसतो आणि काठापर्यंत तो पोळतो. तेव्हा मुख्याध्यापकांना वाकावं लागलं. दस्तरखानावर मान खाली घालून त्यांनी सुनेच्या हातचा चहा भुरकला, पुन्हा वाकले, पुन्हा भुरकला. लांब दाढीचे म्हातारे भिंतीवरचा गालिचा फार लक्ष देऊन बघत होते. पियाला रिकामा झाला, जीभ भाजल्यासारखं तोंड करत मोठ्या आगायांनी तो परत पाठवला.

"हं, आता नीट ओत," ते म्हणाले. "तर जेंगे, सोमवारपासून..."

रिकामा पियाला कान्यशायच्या हातात आला. माफी त्याच्यातच होती. तळ झाकायचा, दोन घोट, बस. सगळं पूर्ववत. म्हातारे निःश्वास टाकणार, सासू गालात हसणार, गावात कुणाला काही कळणार नाही, आणि सोमवारी ती संगणकासमोर बसलेली असणार. पुढच्या वर्षी पण. त्याच्या पुढच्या वर्षी तिला कुणीतरी उचलून नेत असणार, आणि मोठे आगाय नवीन आलेल्या एखाद्या सुनेला म्हणत असणार, तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार.

तिनं दूध घातलं. चहा घातला. तोटी सोडली. या वेळी तिनं डोळे पियाल्यावर ठेवले. तळ झाकला गेला, तिचा हात थांबला नाही. अर्धा झाला. काठाला आला. काठाच्या वर फुगून थरथरला तेव्हा तिनं तोटी बंद केली. मग ती उठली, स्वतः जाऊन, डावा हात उजव्या कोपराला लावून, मान झुकवून, रीतीला कुठं धक्का न लावता तिनं तो मोठ्या आगायांपुढं ठेवला. एक थेंब सांडला नाही.

मोठे आगाय त्या पियाल्याकडे बघत होते आणि त्यांचं ते गोड हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं होतं, उतरवायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं. आता सासू काय म्हणते, एवढंच कान्यशायच्या डोक्यात होतं. सासू म्हणाली असती, परत ओत, तर तिनं ओतला असता, आणि सगळं संपलं असतं.

बुरुल अपांनी दोन्ही हात उचलून तळवे समोर धरले.

"खाल्लं-प्यालं देवानं गोड करावं," त्या म्हणाल्या. "घरच्यांना आरोग्य मिळो. पाहुण्यांची वाट सरळ होवो. ओमीन."

त्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. दुवा झाली की दस्तरखानावर कुणी हात घालायचा नसतो, बसायचंही नसतं. म्हाताऱ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. मोठ्या आगायांनाही फिरवावे लागले. दारात जोडे बाहेर तोंड करून नीट लावलेले होते, ते घालून तिघे निघून गेले. भरलेला पियाला तिथंच राहिला.

कान्यशाय आवरायला लागली. बुरुल अपांनी तो पियाला वाकून एकदा भुरकला आणि म्हणाल्या, "गार झाला." मग सुनेकडे न बघता विचारलं, "दुसरा मुद्दाम दिलास?"

"हो, अपा."

"आणि पहिला?"

"पहिला चुकून. हात थांबलाच नाही."

"मग उद्या जाऊन पहिल्याची माफी माग. चूक ती चूक."

"आणि दुसऱ्याची?"

"दुसऱ्याची कशाला? तो तू नीट ओतला होतास." म्हातारीनं उरलेला चहा संपवला. "आणि ते चिखलात लोळणं मला पटत नाही ते नाहीच. उगाच गैरसमज नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शिक्षक मोठ्या आगायांच्या खोलीत जमलेले. गावाला सगळं कळलेलं होतं, असली गोष्ट गावात पायी फिरत नाही, घोड्यावर बसून फिरते. कान्यशाय दारातून सरळ टेबलापाशी गेली.

"आगाय, काल पहिला पियाला माझ्याकडून चुकून भरला गेला. माफ करा."

पहिला, हे सगळ्यांनी ऐकलं. मोठ्या आगायांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. त्यांचा चेहरा उजळला. "झालं गेलं विसरून जा, केलिन. घरातलीच माणसं आपण. तर मग समितीचं ते..."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "केलिन, फोन."

तिनं उचलला. जिल्ह्याची घाईतली बाई होती. "समितीच्या तयारीला जबाबदार माणूस कोण? सुट्टीभर शाळेत हजर राहील असा. नाव द्या, लगेच."

सवयीनं कान्यशायनं खिडकी उघडली. खाली मैदानात जान्यबायनी वर बघितलं आणि हाक यायच्या आतच शिट्टी सावरत निघाले. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं खिडकी लावून घेतली.

"हॅलो? नाव सांगता ना?"

"ताश्तानबेक," कान्यशाय म्हणाली.

कुणाच्या तरी बशीत चमचा पडला. ग्रंथालयाच्या म्हाताऱ्या बाईंनी तोंडावर हात धरला.

"ताश्तानबेक," तिनं पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं, कारण पहिल्या वेळी आवाज फाटला होता. "शाळेचे मुख्याध्यापक. हो, तेच करणार. सुट्टीभर इथंच आहेत. माझ्यासमोर बसलेत, देते."

तिनं रिसीव्हर त्यांच्यापुढं टेबलावर ठेवला, बोलायचं तोंड त्यांच्याकडे करून. त्यातून ती बाई हॅलो हॅलो करत राहिली. शेवटी मोठ्या आगायांनी तो उचलून कानाला लावला. मग ते खाकरले.

कान्यशाय बोळात आली. आपल्याला मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. भिंतीला टेकून ती उभी राहिली आणि तिला संताप आला, असा की कानशिलं तापली. एवढंसं नाव. एका दमात घेऊन झालं. आणि तेवढ्यासाठी तिनं स्वतःला दवाखान्यापर्यंत जाऊ दिलं होतं.

सातवीची पोरं वर्गात वाट बघत होती. तिनं डोळे पुसले आणि आत गेली.